गुरुवारची पँट

दर गुरुवारी नवरा ऑफिसातून उशिरा यायचा, पँट खुर्चीवर टाकायचा, आणि घरातला काळा बोका नेमका तिच्यावरच मुतायचा. धुऊन धुऊन बायकोच्या हाताची सालं निघाली, तरी वास काही जाईना.

"दुसऱ्या मांजराचा वास घरात आला की बोका असा हक्क दाखवतो," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले.

"नवऱ्याच्या ऑफिसात कुठलं आलंय मांजर?" ती करवादली.

घरी येऊन तिने पँट झटकली, तर पांढरे केस उडाले. पांढरी मांजर नात्यात एकाच घरी होती. सासूबाईंच्या. तिथे पाऊल टाकायचं नाही, अशी तिनेच दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला शपथ घातली होती.



पुढच्या गुरुवारी तिने एक जुनी पँट त्याच्या हातात कोंबली. "आईंकडे जाताना ही घालत जा."