आखूड रॅकेट

१९८४. रविवारी सकाळी सात वाजता बेळगावच्या एका क्लबवर टेनिससाठी लहान मुलांची निवड सुरू झाली. खासबागच्या कल्लाप्पा विणकराने एक जुनी रॅकेट मुठीकडून चार बोटे कापून लेकीला पेलेल अशी केली होती. अंजनीच्या हातात ती पाहून बाकीची पोरे फिदीफिदी हसली.

“ही कुणी कापली?” प्रशिक्षकांनी विचारले.

कल्लाप्पाचे कान तापले. “पोरीनं मोडली, साहेब. लई धांदरट हाय.”

“मोडली होय? मला वाटलं, मुद्दाम केलीय. सगळ्याच पोरांना अशा करून घेणार होतो. काय गं, तू मोडलीस?”



अंजनीने एकदा बापाकडे पाहिले. “व्हय, सर. माझ्याच हातनं मोडली.”