ड्रायव्हरच्या हाताशी

"मोठ्यानं सांग. आईंना ऐकू गेलं पाहिजे," जावई म्हणाला.

मेकॅनिक नव्या गाडीच्या उघड्या दारापाशी गुडघे टेकून बसला होता. हातात आग विझवायचा छोटा लाल सिलिंडर. पाठ केलेला धडा म्हणावा तसं तो सांगू लागला. "सिलिंडर डिकीत ठेवायचा नाही, आग लागल्यावर डिकी उघडत बसायला वेळ नसतो. मागच्या काचेपाशी उन्हात ठेवायचा नाही. सुटा तर कुठेच नाही, ब्रेक मारला की उडून डोक्यात बसतो. ड्रायव्हरच्या हाताशी, सीटच्या पुढे, पट्ट्यात घट्ट."

"आणि पट्टा?"

मेकॅनिकने मान खाली घातली. "पट्टा एका झटक्यात उघडला पाहिजे."

"एका झटक्यात!" जावई वळून म्हणाला. "ऐकलंत ना, आई?"

आई गॅरेजच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. मेकॅनिक त्यांचा थोरला मुलगा. गेलं वर्षभर त्या त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

वर्षापूर्वी त्यांची लेक याच जावयाशेजारी बसून गाडीतून निघाली होती. तिच्या समोरून धूर आला, पाठोपाठ जाळ आला आणि तिचा सीटबेल्ट अडकला. सिलिंडर जावयाच्या पायाशीच होता, भावाने बहिणीच्या गाडीत हौसेनं बसवलेला. पण सिलिंडरचा पट्टा उघडेना. जावयाने चौकशीत तसं सांगितलं आणि पुढे भेटेल त्याला सांगितलं. खटका दाबून दाबून बोटं सोलली, पण तो काही हलला नाही. बंब आला तेव्हा सिलिंडर पट्ट्यात जसाच्या तसा होता. त्या बाजूची रबरी चटईसुद्धा शाबूत होती. हाताशी असून उपयोग झाला नाही, म्हणून लोक जास्तच हळहळले. असला भाऊ वैऱ्यालाही नको, असं उघड बोलले.

जावयाने मेहुण्याला सोडलं नाही. का सोडावं? जळकी गाडी त्याने ओढत आणून याच आवारात टाकली. "रोज उठून बघ," म्हणाला. ती अजून तिथंच होती. वरची ताडपत्री आज एका बाजूने जरा सरकली होती, एवढंच. त्याने एकेक गिऱ्हाईक फोडलं, दर महिन्याला आईंना गाडीत घालून इथं आणलं आणि त्यांच्यासमोर मुलाचा पाणउतारा केला. मेकॅनिकने कधी तोंडातून ब्र काढला नाही. सूड घ्यावा तर असा, सावकाश, चवीचवीनं.

आज जावई कागद घेऊन आला होता. माझ्या सदोष पट्ट्यामुळे बहिणीचा जीव गेला, यापुढे मी हा धंदा करणार नाही. खाली सहीची जागा, आणि साक्षीदार म्हणून आई.

"आधी सही कर."

"आधी काम पुरं करतो, भाऊजी. मग सही."

त्याने फडक्यात गुंडाळलेला पट्टा काढला. पट्ट्याला काळाभोर रंग, खटक्यावर नुसतं ग्रीस थापलेलं.

"नवा आहे ना?"

"रंग कालच दिलाय. वास येतोय अजून."

"ग्रीस एवढं?"

"कुणी अडकला म्हणायला नको."

जावई हसला. "शिकलास म्हणायचा. एक माणूस खाऊन का होईना."

आईंच्या डोळ्यांना धार लागली. हातातली घराची किल्ली त्या उगाच चाळवत राहिल्या. किल्लीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. लेकीची ती सवयच. जुडग्यातली नेमकी किल्ली कोणती, गिझरचं बटण कोणतं, दिसेल तिथे ठिपका लावून ठेवायची.

"दादाच्या पट्ट्यालासुद्धा लावला होता हो," आई जावयाला म्हणाल्या. "घाईत चटकन सापडावा म्हणून."

"तेच तर! भावावर केवढा विश्वास होता तिचा," जावई म्हणाला आणि त्याने मेहुण्याकडे पाहिलं.

मेकॅनिकने बोल्ट आवळले. सिलिंडर पट्ट्यात अडकवून दोन्ही हातांनी हिसडून पाहिला. तसूभरही हलला नाही. "दाबाचा काटा हिरव्यावर आहे. महिन्यातून एकदा काढून उलटा करून हलवत जा, नाहीतर आतली पावडर बसते. आता सीटवर बसा. हात पोचतो का बघू."

जावई ऐटीत बसला. मेकॅनिक पुढे जाऊन बॉनेटखाली काहीतरी खुडबुड करत होता. मग त्याने बॉनेट आपटून लावलं आणि हात पुसत बाजूला झाला.

बॉनेटच्या फटीतून धुराची रेघ वर आली. मग लोट आला.

"अरे, धूर! धूर!" आई किंचाळल्या.

जावई पांढराफटक पडला. मान न वळवता त्याचा हात खाली गेला. खट्. दुसऱ्या क्षणी तो सिलिंडर घेऊन बाहेर, पिन उपसून बॉनेटसमोर उभा.

मेकॅनिकने शांतपणे बॉनेट उघडलं. आत पत्र्याच्या डब्यात तेलाची चिंधी धुमसत होती. त्याने डब्यावर झाकण ठेवलं. "तपासणी होती, भाऊजी."

"तपासणी? नवी कोरी गाडी आहे माझी!" जावई ओरडला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. त्याने सिलिंडर उंच धरून आईंना दाखवला. "पण बघितलंत ना, आई? दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत! असला पट्टा यानं तेव्हा बसवला असता, तर आज तुमची लेक तुमच्यासमोर उभी असती!"

"खरं आहे," मेकॅनिक म्हणाला. त्याचा आवाज वर्षभरात पहिल्यांदाच चढला होता. "आई, अशी जवळ ये."

आई मांडीवरचा साक्षीचा कागद हातात धरून आल्या. मेकॅनिक गाडीच्या दारापाशी खाली बसला, खांद्यावरचं फडकं घेतलं आणि खटका पुसू लागला. ग्रीस निघालं. खाली, बरोबर मधोमध, लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.