जिन्याजवळची फळी

गोरखआबा आंदर मावळातले जुने सुतार, आणि त्यांची लेक प्रतीक्षा लोणावळ्यात दिलेली. तिच्या माडीवरची लाकडी जमीन पाऊल पडलं की करकरते, हे कळल्यावर आबा हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं आले. सैल झालेले खिळे काढून त्यांनी स्क्रू आवळले, फटींमध्ये कॅरमची पावडर भरली आणि दुपारपर्यंत जवळजवळ सगळी माडी गप्प केली.

"बाबा, तेवढी जिन्याजवळची फळी राहू द्या," प्रतीक्षा म्हणाली.

"का गं? तीच तर लय वाजती."

"दमलात तुम्ही. राहू द्या."

लेकीला आपल्या गुडघ्यांची काळजी, असं आबांना वाटलं. पण एक फळी वाजती ठेवून कामावरून उठणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. प्रतीक्षा दूध आणायला खाली गेली तेवढ्यात त्यांनी तीही पक्की केली. मग सात वर्षांच्या नातीला, सावीला, हाक मारून म्हणाले, "नाच बघू हिच्यावर."

सावी नाचली नाही. तिनं एक पाय ठेवला, जोर दिला, मग दुसरा ठेवला. फळी वाजेना, तसा तिचा चेहरा उतरला.



"आबा, पप्पा पिऊन वर यायला लागले की हीच वाजायची. आता आईनं आतून कडी कधी लावायची?"