पाण्याआधीचा आवाज

आमच्या बाथरूममधली मोरी पाणी ओतायच्या आधीच गुडगुडायची.

प्लंबरदादांनी जाळी काढली, केसांचा गुंता उपसला, ट्रॅप बदलला. मग मोरीला कान लावून म्हणाले, "वहिनी, मी सांगेपर्यंत ओतू नका हं."

"मी कुठे ओतलंय?" भरलेली बादली अजून माझ्या हातातच होती.

दादांनी हत्यारं गोळा केली. ते पुन्हा काही आले नाहीत.

हळूहळू ते आवाज ओळखू यायला लागले. लेकीची अर्धी बादली एकदम, यांची घाईची भसाभस, आणि माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, संथ आंघोळ: एक तांब्या, भजनाची एक ओळ, पुन्हा तांब्या. ज्याचा आवाज आधी येई, त्याची आंघोळ मागून अगदी तशीच होई. अप्पांना त्याची गंमत वाटायची. "इतकी वर्षं एकटाच गातोय सूनबाई, आत्ता कुठे साथीला कोणी मिळालं!"

आज सकाळी अप्पांनी आत जाऊन कडी लावली आणि मोरी गुडगुडली. एक तांब्या, दुसरा, तिसरा. मग सबंध बादली कलंडल्यासारखा लोंढा, आणि त्यानंतर काहीच नाही.

मी धावत जाऊन दार बडवलं. "अप्पा, आधी बाहेर या!"

"अगं, देवाचं नाव तर घेऊ दे," ते आतून हसले आणि पहिला तांब्या ओतून गाऊ लागले.

मी दाराला खांदा लावला. कडी हलेना.

दुसरा तांब्या पडला. अप्पांचा सूर आज कधी नव्हे इतका गोड लागला होता, आणि ओळ संपत आली होती.