बाटलीवरची गाय

माण गावात चांगुणाबाईंच्या खोलीत भाड्यानं राहणारी दिशा लेकीसाठी दुप्पट भावाचं दूध घेऊ लागली. बाटलीवर लिहिलं होतं, ‘फक्त मुळशीच्या हिरव्या गवतावर चरणाऱ्या आमच्या गाईचं’. खाली रंगवलेल्या शिंगांच्या, घुंगुरमाळ घातलेल्या जनावराचा फोटो.

चांगुणाबाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि नाक मुरडलं. “मे महिना हाय. डोंगरावर गवताची काडी न्हाई, अन् ह्येंच्या गाई हिरवं चरत्यात कुटं?”

“पण काकू, फोटो तरी खरा आहे ना! डेअरीचे मालक स्वतः म्हणाले, ही त्यांच्या घरची गाय.”

“फोटो खराच हाय की. पोळ्याला आमच्याच दारात येऊन काढून न्हेलाय त्यानं.

 

आता त्याला म्हणावं, आमच्या बैलाचं दूध काढून दाखव!”