शाळेमागचं बावखल

चौथीतली ग्लेनिस सकाळपासून धुमसत होती. कालच फादरांनी वर्गात येऊन ‘तळी-विहिरी जपा’ म्हणून बजावलं होतं. आणि आज शाळेमागचं बावखल, पणजोबांच्या काळातलं तळं, पार्किंगसाठी बुजवायला त्यांनीच डंपर बोलावला.

“टीचर, त्यातली कासवं कुठे जाणार?”

“तू आधी चर्चमध्ये मिस्सात प्रार्थना नीट वाच.”

वाचते की! देवळात ती माइकपुढे उभी राहिली आणि टीचरनी लिहून दिलेला कागद तिने खिशात कोंबला.

“आपलं बावखल बुजवणाऱ्या फादरांना देवाने सुबुद्धी द्यावी, म्हणून आपण प्रार्थना करूया.”

टीचरचा चेहरा पांढराफटक पडला. पण सवयीने अख्ख्या शाळेने एका सुरात उत्तर दिलं, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!”

त्यात सगळ्यात खणखणीत आवाज वेदीवरच्या फादरांचा होता.