चहाच्या वेळची शिट्टी

राजाचे नातू असूनही आमच्या यजमानांनी, कप्तान अडॉल्फसनी, सारा जन्म आरमारात काढला. आता कुठे ते फालमथच्या किनाऱ्यावरच्या घरी स्थिरावलेत. त्यांनी पुन्हा समुद्रावर जाऊ नये, एवढंच मी रोजच्या प्रार्थनेत मागते.

काल शुक्रवार, माझा उपास. मी नुसता चहा घेत होते. तेवढ्यात दाराशी आरमारी शिट्टी वाजली. कप्तान जहाजावर चढले की वाजवतात ती.

मोलकरीण टॅम्सिन हसली. "कप्तानसाहेब तर इथं जॅम चाटतायत! मग चढलं कोण?"

तिनं दार उघडलं. कुणीच नव्हतं.

"अगं वेडे, कप्तान जहाजावरून उतरतानाही तीच वाजते," हे समाधानानं म्हणाले.

मी यांचा हात घट्ट धरला. तो उबदार होता. आणि बाहेर वाळूवर यांच्याच चालीची पावलं, कुणी दिसत नसताना, समुद्राकडे उमटत निघाली होती.